कोरा चेहरा

मी त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो बाह्यरुग्ण विभागात गुडघे टेकून बसला होता, आणि प्रतीक्षेच्या रांगेतली एक खुर्ची उलटी करून तिच्या पोटात पाहत होता. खुर्चीच्या एका पायाला त्याने टिचकी मारली, कान जवळ नेला आणि डॉक्टरांनी मान हलवावी तशी मान हलवली.

"दुरुस्तीवाल्यांनी आधी कार्यालयात नोंद करायची असते," मी म्हणाले.

"मी पेशंट आहे हो. पण तुमची ही खुर्ची माझ्याहून जास्त आजारी आहे. पाठ टेकायला गेलं की चार बोटं मागे जाते. धडधाकट माणूस इथे तासभर बसला, तर तुम्हाला एक गिऱ्हाईक वाढेल." त्याने खुर्ची सरळ केली. "की... तोच बेत आहे?"

मी हसले नाही, असे त्या वेळी माझे मत होते. त्याच्याबरोबर आलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीचे मत वेगळे होते, पण ते मला पुष्कळ नंतर कळले.

तो उठला तो दोन टप्प्यांत. आधी हात खुर्चीवर, मग उरलेला देह. मध्ये त्याने श्वास रोखून धरला. पाठदुखीची शंभरेक माणसे जवळून पाहिली की तो रोखलेला श्वास ओळखता येतो. त्याच्या शर्टाला जवसाच्या तेलाचा आणि ताज्या भुशाचा वास होता. बाहेर दिवसभर बारीक पाऊस पडत होता आणि आत सगळ्यांना ओल्या छत्र्यांचा वास येत होता. मला मात्र लाकडाचा आला. ही नोंद मी कुठेही केली नाही.

तो खुर्च्या बनवणारा होता आणि त्याची पाठ दुखत होती. ह्या विसंगतीवर त्याचे सगळे विनोद बेतलेले असत.

माझे काम सांगायला हवे. जुनाट पाठदुखीवर, कण्याजवळच्या मज्जातंतूपाशी द्यायच्या एका इंजेक्शनची चाचणी आमच्याकडे चालू होती. निम्म्या रुग्णांना औषध मिळे, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला ठाऊक नसे, डॉक्टरांना नसे आणि मलाही नसे. मी नोंदक होते. बारा गुरुवार प्रत्येकासमोर बसायचे आणि एकच प्रश्न त्याच शब्दांत विचारायचा: शून्य म्हणजे अजिबात वेदना नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढी वेदना, गेल्या आठवड्यात तुमची वेदना किती होती?

उत्तर ऐकताना चेहरा कोरा ठेवायचा, हा नियम होता. त्यासाठी आम्हाला दोन दिवस आरशासमोर बसवले होते. कारण साधे आहे. आजारी माणसे फार भिडस्त असतात. समोरच्याला काय ऐकायला आवडेल हे त्यांना चटकन कळते, आणि मग ती अर्धा-एक गुण कमी करून सांगतात. अर्धा गुण किरकोळ वाटतो, पण अर्ध्या गुणावर औषधे बाजारात येतात.

त्याला एकेचाळीस क्रमांक मिळाला.

"दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढी," पहिल्या गुरुवारी त्याने माझे वाक्य घोळवले. "कोणाच्या कल्पनेतली?"

"तुमच्या."

"माझी कल्पनाशक्ती बेताचीच आहे. ताईला विचारा."

"आकडा सांगा."

"सात. डोकं जरा चांगलं चालत असतं, तर ह्याच दुखण्याला चार म्हणालो असतो." मग खालच्या आवाजात, "आकडेबाई, तुम्ही कधी हसता की नाही?"

"कामाच्या वेळी नाही."

"आणि काम संपल्यावर?"

"पुढचा प्रश्न," मी म्हणाले. "पडून राहिल्यावर वेदना वाढते का? पहाटे वेदनेने जाग येते का? विनाकारण वजन घटले आहे का?"

"नाही, नाही आणि नाही."

हे तीन प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारत असू. साधी पाठदुखी सहसा पडून राहिल्यावर कमी होते. जी वाढते, तिच्या मागे दुसरे काही असू शकते.

तिसऱ्या गुरुवारी सहा. पाचव्या गुरुवारी पाच, त्या दिवशी त्याने खिशातून स्क्रू आवळायचे हत्यार काढून माझ्या टेबलाचा डुगडुगणारा पाय नीट केला आणि म्हणाला, "आता तुमचा आकडा हलणार नाही." आठव्या गुरुवारी चार. मी आकडे लिहीत होते आणि माझ्या आत काहीतरी, ज्याला मी अजूनही शास्त्रीय नाव देऊ शकत नाही, गुरुवारच्या दिशेने झुकत चालले होते.

"बारावा गुरुवार झाला, की..." नवव्या खेपेला तो म्हणाला आणि टोपी हातात फिरवत राहिला.

"की?"

"चहा प्याल माझ्याबरोबर?"

"नोंद चालू असेपर्यंत नोंदकाने रुग्णाशी ओळख वाढवायची नसते."

"म्हणूनच बारावा म्हणालो. नोंद बंद झाली की तुम्ही कोण असता?"

मी कागद सारखे केले. ते आधीच सारखे होते. "चहा पिणारी बाई," मी म्हणाले.

दहाव्या गुरुवारी माझे लक्ष त्याच्या पट्ट्याकडे गेले. जुन्या भोकांच्या आत एक नवे भोक पाडलेले होते, सुबक, कारागिराच्या हातचे. मला वाटले, तो माझ्यासाठी नीटनेटका राहू लागला आहे. दहा वर्षे मी लोकांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या नोंदींवर भरवसा ठेवत आले होते, आणि समोर डोळ्यांदेखत घटलेले वजन पाहून मी लाजले. पुढचा प्रश्न मी नियमाप्रमाणे विचारला. तो नियमाप्रमाणे 'नाही' म्हणाला.

अकराव्या गुरुवारी दोन.

बाराव्या गुरुवारी तो आला नाही. दुपारी त्याच्या ताईचा फोन आला. कार्यशाळेत वेताची एक हलकी खुर्ची उचलताना त्याच्या कण्याचा एक मणका खचला होता. तो आमच्याच इमारतीत, सहाव्या मजल्यावर होता. त्याचा कण्याचा जुना एमआरआय आठ महिन्यांपूर्वीचा होता आणि चाचणीत घेताना वर्षभरापर्यंतचा आम्हाला चालत असे. नवा त्या सकाळी काढला. मूत्रपिंडात सुरू झालेला कर्करोग मणक्यांत उतरला होता.

ताई सहाव्या मजल्याच्या मार्गिकेत भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

"पहाटे तीनला उठून भिंतीला पाठ लावून उभा राहायचा हो," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, अरे सांग त्यांना, विचारतात ना त्या दर खेपेला? तर म्हणायचा, मोठा आकडा सांगितला की त्या बाईंचा चेहरा पडतो गं. आणि लहान सांगितला की... हसतात."

"मी हसत नव्हते," मी म्हणाले.

ताईंनी माझ्याकडे पाहिले. "पहिल्या दिवशी खुर्चीपाशीसुद्धा हसलात की."

इथे अचूक राहायला हवे. त्याने दहा आठवडे आधी खरे सांगितले असते तर तो बरा झाला असता, असा पुरावा माझ्याजवळ नाही. तेव्हाही रोग मणक्यांपर्यंत पोचलेला असणार. उपचार आधी सुरू झाले असते, मणका कदाचित वाचला असता. आणि ते दहा आठवडे त्याने भिंतीला टेकून काढले नसते. एवढेच म्हणता येईल. एवढे पुरेसे आहे.

चाचणीच्या प्रमुख मॅडम कमी बोलत. त्यांनी माझ्यापुढे नियमभंग-पत्रक सरकवले. "एकेचाळीस क्रमांकाच्या नोंदी बाद कराव्या लागतील. कारण एका ओळीत लिहा."

मी लिहिले: उत्तर ऐकताना नोंदक हसत असे.

मॅडमनी वाचले. "सगळ्यांच्या वेळी?"

"नाही."

"फक्त ह्याच्याच?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होते. "मग तेही लिहा," त्या म्हणाल्या. "अर्धवट कारण मी पुढे पाठवत नाही."

मी लिहिले. त्या दिवसापासून मी नोंदक राहिले नाही. मला आकडेमोडीच्या खोलीत बसवले गेले, जिथे माझ्या चेहऱ्याने कोणाचे नुकसान होणार नव्हते. एकेचाळीसला काय दिले होते हे उपचारासाठी उघड करण्यात आले. मिठाचे पाणी.

"म्हणजे औषध तुम्हीच होतात की," मी सांगितल्यावर तो म्हणाला. पलंगाचे डोके उंच केले होते. चेहरा मेणासारखा, डोळे मात्र तेच.

"नाही. औषधाने वेदना कमी होते. तुमची कमी झाली नव्हती. फक्त आकडा कमी झाला होता."

त्याने पलंगाच्या दांड्याला टिचकी मारली, पण कान जवळ नेला नाही.

डॉक्टरांनी ताईंना 'दोन वर्षे, कदाचित तीन' असे सांगितले होते. मी ह्या रोगाच्या अभ्यासांतले मूळ आकडे शोधून वाचले. ते त्याहून कमी होते. मी ताईंना सांगितले नाही. त्यांनी विचारले नाही.

रोज संध्याकाळी काम संपल्यावर मी सहाव्या मजल्यावर जाऊ लागले. तिथेही तोच प्रश्न होता, शून्य ते दहा. पण इथे त्या आकड्यावर औषध ठरत असे. तीन म्हटले तर एक मात्रा, आठ म्हटले तर दुसरी. पाचव्या संध्याकाळी वॉर्डच्या सिस्टरने मला बाजूला घेतले.

"स्पष्ट बोलते, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत असता तेव्हा हे गृहस्थ 'तीन' म्हणतात. तुम्ही लिफ्टपर्यंत पोचत नाही तोवर घंटी वाजते आणि आकडा असतो आठ. मधला वेळ ते दात आवळून काढतात. मी विचारायला आले की तुम्ही बाहेर थांबत जा."

मी बाहेर थांबू लागले. चार संध्याकाळी मी दाराबाहेर उभी राहून आतून येणारे 'आठ' ऐकले. बाहेर थांबणे हा बिनचूक उपाय होता. ते चार दिवस त्याला योग्य मात्रा वेळेवर मिळाली. आणि त्याच हिशेबाने पुढे गेले असते, तर त्याच्या वेदनेसाठी सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे मी अजिबात न येणे. मी ते गांभीर्याने विचारात घेतले. चौथ्या दिवशी मी त्याला न भेटताच परत जायला जिन्यापर्यंत गेलेही.

पाचव्या दिवशी मी त्याच्या मांडीवर एक कागद ठेवला.

"हे काय?"

"वाचा."

त्याने कागद दूर धरून वाचला. "उत्तर ऐकताना नोंदक हसत असे. इतर कोणत्याही रुग्णाच्या बाबतीत असे घडले नाही. कारण... वैयक्तिक." त्याने मान वर केली. "हे... प्रेमपत्र आहे?"

"नियमभंग-पत्रक आहे. तीन प्रतींत."

तो हसला, आणि हसण्याने पाठीत कळ आली, आणि त्याने श्वास रोखला. मी तो रोखलेला श्वास मोजला. चौदा सेकंद.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "पण आकडेबाई, अकरा आठवड्यांत मला तुम्हाला देण्यासारखं दुसरं काय होतं? आठवड्याला एक आकडा. तो तरी चांगला द्यावा म्हटलं..."

"मला चांगला नको होता. मला..." मी तो कागद त्याच्या हातातून घेतला. "दहा वर्षं लोक मला आकडे सांगतायत. मी एकावरही पूर्ण विश्वास ठेवलेला नाही, तो माझा धर्मच आहे. एक तरी माणूस असा हवा की ज्याचा आकडा मला तपासावा लागणार नाही. तो माणूस तू हो ना."

'तू' तोंडातून गेल्यावर दोघांनीही ऐकले. कोणी दुरुस्त केले नाही.

सिस्टर आत आल्या. माझ्याकडे पाहून दाराकडे मान वळवली.

"मी थांबते," मी म्हणाले.

"बाई, आपलं ठरलंय—"

"आज एकदाच. खोटं वाटलं तर उद्यापासून मी येणार नाही."

सिस्टरनी नाइलाजाने कागद घेतला. "बोला, किती?"

त्याने माझ्याकडे पाहिले. ती नजर मला पाठ होती. अकरा आठवडे मी तिला त्याचा स्वभाव समजत होते. तो माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधत होता. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागत होते आणि पाऊस त्यांच्याभोवती धुरासारखा फिरत होता.

"ती..." तो म्हणाला.

थांबला. पलंगाची कड मुठीत धरली.

"आठ. साडेआठ असतं का? आठ लिहा."

मी हसले. कोरा चेहरा ठेवण्याचे सगळे शिक्षण मोडून, डोळ्यांतून पाणी येत असताना, पूर्ण तोंडभर हसले. आठ ह्या आकड्यावर जगात कोणी हसले असेल असे मला वाटत नाही. तो बघतच राहिला.

"अगं, आठ म्हणालो मी," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

सिस्टरनी नळीला औषध जोडले आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. ती डुगडुगत होती. मी तिच्यावर बसले आणि त्याचा हात हातात घेतला. तळव्याच्या कडेला हत्याराने पडलेला घट्टा होता, अजून गेलेला नव्हता.

पाऊण तासाने सिस्टर पुन्हा आल्या. तो डोळे मिटून पडला होता.

"आता किती?"

"पाच," तो म्हणाला. ह्या वेळी त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

मी ते खरे मानले.