पलीकडून आलेली पानं

"हे दहावं पान," मुद्रितशोधक म्हणाला. "आज सकाळी टेबलावर होतं. अक्षर माझ्या बायकोचं. तिला जाऊन चार महिने झाले."

खासगी गुप्तहेर नानांनी पान घेतलं. मुद्रितशोधकाची बायको कादंबऱ्या लिहायची; तिच्या अखेरच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण अपुरं राहिलं होतं. ते या पानांत पुढे चाललं होतं; मेलेली नायिका काळ्या नदीपलीकडून नवऱ्याला सांगत होती, 'एकटी आहे. ये.'

"अंगावर काटा आला बुवा," नानांचे मित्र वकीलसाहेब म्हणाले.

मुद्रितशोधकाच्या उशाशी झोपेच्या गोळ्यांची बाटली होती. डॉक्टरांनी त्याला रोज एक घ्यायला सांगितलेली, तरी काठोकाठ भरलेली. नाना तिच्याकडे पाहत राहिले.

"घरी कोण येतं?"

"मेहुणी रोज डबा आणते. छापखान्यातला कंपोझिटर संध्याकाळी प्रुफं आणतो, तपासलेली परत नेतो. रविवारी त्याला सुट्टी. मधमाश्यांवरचं पुस्तक आहे, ती गेल्यावर आलेलं पहिलंच काम."

"पानं रोज येतात?"

"सोमवारी सकाळी नसतात."

मेहुणी तडकली. "ताईसारखं लिहायला मला सात जन्म लागतील! भाऊजी दोन घास खातील तर शपथ, आणि संशय माझ्यावर?"

कंपोझिटर म्हातारा, बोटं शिशाने काळी. "वहिनींच्या सहा कादंबऱ्या जुळवल्या मी. त्यांचं अक्षर डोळे मिटून ओळखीन."

नानांनी पान उलटलं. मागे छापील मजकूर, लाल पेन्सिलीच्या खुणा.

"रद्द प्रुफं," मुद्रितशोधक म्हणाला. "ती त्यांच्याच पाठीवर लिहायची. मागे काय आहे, कोण बघतो?"

"वकीलसाहेब, वाचा."

"'राणीमाशी पोळ्यातून...' अरे, मधमाश्या! म्हणजे बाईंनी मेल्यावर..."

"हे पुस्तक आलं तेव्हा बाई नव्हत्याच. तपासलेली प्रुफं कोण नेतं? रविवारी कोण येत नाही? मेहुणी तर रोज येते. आणि बाईंचं अक्षर कोणाला पाठ आहे?"

कंपोझिटरची मान खाली गेली. "साहेब," तो मुद्रितशोधकाला म्हणाला, "तुम्ही जेवेनात, बोलेनात. पहिलं पान वाचून हसलात. मग थांबवेना."

नानांनी बाटली त्याच्यापुढे ठेवली. "हे आज नदी ओलांडणार होते."

म्हाताऱ्याने बाटली दूर सारली.

मुद्रितशोधकाने पान पुढे ओढलं. मग त्याने लाल पेन्सिलीने 'ये'वर काट मारली.

"तिने हे लिहिलंच नसतं. स्वयंपाकघरातसुद्धा येऊ द्यायची नाही मला. म्हणायची, लुडबूड नको."

बाटली त्याने नानांकडे सरकवली.

"उद्या प्रुफं आणू नकोस," तो कंपोझिटरला म्हणाला. "मीच छापखान्यात येतो."