जागेवर न गेलेला पंच

भूत म्हणजे भित्र्या मनाचा खेळ, विज्ञानापुढं ते एक क्षणही टिकत नाही, असं तात्यासो मगदूम सरांचं जाहीर मत. हे मत त्यांनी शेवटचं मांडलं ते स्वतःच्याच न्हाणीघरात, आतून कडी लावून.

घटना खरी आहे. जयसिंगपूर, गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार. रात्र वगैरे नव्हती. दुपारचे साडेतीन.

महिन्याभरापूर्वी खाण कंपनीचा विश्वजित आला होता. सरांचा जुना विद्यार्थी. चारचौघांत वाकून पाया पडला आणि पंचनामा पुढं ठेवला. पश्चिमेच्या डोंगरावर सरकारी जंगलाचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, त्याच्या पोटात बॉक्साइट. 'आम्ही पंचांनी समक्ष जागेवर जाऊन पाहिले. झरा नाही. देवराई नाही.' पहिल्या पंचाचा अंगठा उमटलेला होता... चिमणाबाई झोरे, धनगरवाडा. सरांनी भडंग खाता खाता खाली दुसरा पंच म्हणून सही ठोकली. तो डोंगर त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

तर मंगळवारी सरांच्या पत्नी पद्मावतीकाकू बाहेर गेल्या होत्या.

कडी वाजली...

दारात म्हातारी. खांद्यावर घोंगडं.

"पावणं, चला की. जागा बघायची ऱ्हायलीया."

कंपनीनं धाडली असेल, म्हणून सर पाणी आणायला वळले. तांब्या घेऊन आले तर...

कुणी नव्हतं.

गेटला आतून कुलूप होतं.

बुधवारी तीच वेळ. तेच शब्द.

सरांनी विश्वजितला फोन लावून पहिल्या पंचाबद्दल विचारलं. तो हसला. "चिमणाबाई? ती जाऊन आठ वर्षं झाली की सर. दोन पंच लागतात, म्हणून कुणाचा तरी अंगठा घेतला."

गुरुवारी सर न्हाणीघरात लपले. साडेतीनला दाराबाहेर... कुणीतरी धापा टाकत खाली बसलं.

"पावणं, म्येल्यावरबी मी त्या झऱ्याचंच पाणी पीत हुती. तुमी न्हाय म्हणून लिवलंसा. आता मलाबी त्यो घावंना झालाय."

सर ओंजळ धरून नळाकडं वळले. त्यांनी नळ सोडला...

नुसती हवा आली.

शुक्रवारी खाणीची जनसुनावणी होती. पंचनामा वाचला गेला. सर उठले आणि आपण जागेवर गेलोच नव्हतो, असं माइकवर सांगून बसले.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "मग सही का केलीत, सर?"

छत्तीस वर्षं कॉपी करणाऱ्या पोरांना सर हेच विचारत आले होते. पोरगं पाया पडलं म्हणून, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? सड्याखालच्या वाडीतली माणसं मागं बसली होती. कुणी शिवीसुद्धा दिली नाही.

शेजारची रिकामी खुर्ची... करकरली.

"बोललासा, बरं केलंसा. पण जागा?"

निकाल अजून लागलेला नाही. सर अजून डोंगर चढलेले नाहीत. काकूंना गुडघ्याचं कारण सांगतात. रोज साडेतीनला मान खाली घालून बसतात, शेजारी एक खुर्ची मोकळी ठेवून.

कधी गेलात तर चहा नक्की मिळेल. फक्त त्या खुर्चीवर पिशवी तेवढी ठेवू नका.