कुंपणाचं रोप

टांझानियात, आरुशा शहरातल्या एका सफारी कंपनीत अनेथ पाहुण्यांच्या सहली आखायची. कळप कुठल्या महिन्यात कुठे चरतात, हे तिला तोंडपाठ होतं. त्या सकाळी लेम्बरिस नावाचा गाइड धुळीने माखलेल्या बुटांनिशी आत आला आणि त्याने तिनेच आखलेल्या सहलीचा कागद तिच्यापुढे ठेवला.

"तारांगीरेहून सेरेंगेटीचं उत्तर टोक, एका दिवसात? बाई, तुम्ही कधी गेलाय का त्या रस्त्याने?"

सगळी कचेरी बघायला लागली. अनेथ खाली मान घालून म्हणाली, "नाही. मी अजून सिंहसुद्धा पाहिलेला नाही."

कोणीतरी फिदीफिदी हसलं. लेम्बरिस मात्र हसला नाही. आपण चारचौघांत हिला उघडं पाडलं, हे त्याला कळून चुकलं होतं... पण दारात पाहुणे खोळंबले होते, तो तसाच निघाला.

मग वाटेतून त्याचे निरोप येऊ लागले. 'इथे खड्डे, तीन तास धरा.' 'सिंहीण पिलांना चाटतेय. तुम्ही हव्या होतात.' अनेथ उत्तर देत नव्हती. पेन्सिलीने तास सुधारायची आणि पुढच्या निरोपाची वाट बघायची. तिला तो आवडायला लागला होता, आणि त्याचाच तिला राग येत होता.

दहाव्या दिवशी तो आला, तो हातात मातीसकट उपटलेलं इसालेचं रोप घेऊन.

"तुम्हा चग्गा लोकांत इसाले पुढे केलं की माफ करावंच लागतं म्हणे."

"अहो, त्याला एक पान पुरतं. अख्खं रोप कोण आणतं?"

"एका पानात भागेल, असं वाटलं नाही."

"शेताची हद्द असते ती. कुणाची मोडून आलात?"

"पाहुण्यांना किलिमांजारो चढायला तुमच्या गावी, मरांगूला सोडलं. तिथे तुमचं घर विचारलं... तुमच्याच कुंपणाचं आहे."

अनेथने कपाळाला हात लावला. "बाबांची हद्द उपटलीत?"

"मी मासाई माणूस. आम्हाला गुरं कळतात, कुंपणं नाही कळत."

तिला हसू आवरेना. हसतहसतच ती म्हणाली, "माफ केलं. पण रविवारी हे तुम्हीच परत लावायचं, बाबांसमोर."

"आणि कोण तू, असं त्यांनी विचारलं तर?"

"मला सिंह दाखवणारा, म्हणून सांगा."

"एवढंच?"

तिने मान वळवली. "बाकीचं मी सांगेन... दहा दिवस तेच जुळवतेय मनात."

लेम्बरिसने रोप फार जपून टेबलावर ठेवलं.

तिने कोरा कागद ओढला. माणसं – दोन. तारांगीरे, मग सेरेंगेटी. बाबा हो म्हणाले तर, असंही कोपऱ्यात लिहिलं.

तो वाकून वाचायला लागला. "अहो, हा रस्ता दोन दिवसांचा. तुम्ही पाच लिहिलेत."

"असू दे," अनेथ म्हणाली. "मला आता घाई नाहीये, लेम्बरिस. तुला आहे?"