जुन्या मापाचा झगा

ऐन गर्दीच्या वेळी माझ्या शिवणकामाच्या दुकानातली वीज गेली, आणि दुरुस्तीला आलेला वायरमन नेमका तोच निघाला... दारूच्या नादी लागून, लग्नाच्या दिवशी मला चर्चमध्ये एकटीला उभं ठेवून गेलेला. शिडीवर चढताना त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर फ्यूजवर नेली. मीही इस्त्रीकडे पाहत राहिले, जणू ती थंड इस्त्री कुठे पळून जाणार होती.

निघताना त्याने सांगितलं, की दारू सुटलीय, पाळक असलेल्या माझ्या मामाने त्याला पुन्हा चर्चच्या गायकवृंदात घेतलंय आणि रविवारी तो एकटा गाणार आहे. गायकांचे झगे मीच शिवते, म्हणजे माप घेणं आलं. पण माप घ्यायचं तर जवळ जावं लागतं. माप आहे माझ्याकडे, असं तोडून सांगून मी मोकळी झाले आणि कापड कापलं ते आठवणीतल्या मापाने. नवशिकीसुद्धा असं करत नाही.

शनिवारी त्याने झगा घालून पाहिला. खांदे उतरलेले, बाह्या पार बोटांवर. दारूने त्याला किती खाल्लं होतं, ते मला तेव्हा कुठे दिसलं.

"हे कुणाचं माप?" त्याने हळूच विचारलं.

"तुझंच. तेव्हाचं."

"पाठ होतं?" तो किंचित हसला.

"फार खूश होऊ नकोस. लक्षात सगळंच राहिलंय."

त्याचं हसू मावळलं. मग तो अडखळत बोलत राहिला. देव पापांची क्षमा करतो आणि ती पुन्हा आठवत नाही, टोळांनी खाल्लेली वर्षंसुद्धा भरून देतो, हे मामाने त्याला बायबलमधून वाचून दाखवलं होतं. त्या वचनाला धरूनच तो रोज सकाळी उठत होता.

"देव शब्द मोडत नाही. मोडणारा मी," तो म्हणाला. "तू नको म्हणालीस तर — उद्या गाणार नाही मी."

खोटं कशाला बोलू, राग मी जिवापाड जपला होता. पण प्रेमही तसंच जपलं होतं, इंचाइंचाने, आणि त्या ढगळ झग्याने माझं पितळ उघडं पाडलं होतं. देवासारखं विसरणं मला जमणार नव्हतं. पण देवाने त्याला दिलेलं वचन मलाही होतंच की. माझीही वर्षं टोळांनीच खाल्ली होती.

मी त्याला झगा काढायला सांगितलं आणि त्याच्या खांद्यांना टेप लावला. तो श्वास रोखून उभा होता.

"तुझा भरवसा नाही वाटत अजून," मी म्हणाले. "देवाचा वाटतो. त्याच्याच भरवशावर हो म्हणतेय."

"हो... कशाला?"

"गाण्याला. आणि गाणं झालं की थांब. मामाला विचारू, लग्नासाठी कोणता दिवस मोकळा आहे ते."

तो खाली मान घालून रडायला लागला. शिंपीण ती शिंपीणच... मी आधी पांढरा झगा बाजूला ओढला, आणि मग त्याला जवळ घेतलं.