फोडून ठेवलेली लाकडे

पठारावरच्या केबिनची किल्ली मागायला गाउटे तार्येईच्या दारात आला तो शुक्रवार होता, नऊ फेब्रुवारी, दुपारचे तीन. हे सारे तार्येईनेच पुढे एका रात्री सांगितले. त्याच पठारावर, त्याच केबिनमध्ये, देवळातल्या दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा जाहीर करण्याच्या संस्काराची तयारी करणाऱ्या वर्गातल्या पाच मुलांना. चाळीस वर्षे त्या केबिनची राखण करणारा हा म्हातारा गोष्टीला मीठमसाला लावत नाही.

"मागच्या खेपेला लाकडं फोडून ठेवली होतीस ना रे?" तार्येईने विचारले होते.

"हो आजोबा. वहीत लिहिलंय की."

"लिहिलंय ते वाचलंय मी," तार्येई म्हणाला, आणि किल्ली दिली.

त्या पठारावर एक रीत आहे. निघताना पुढच्यासाठी लाकडे फोडायची, पेटी भरायची, शेगडीत ढलप्या आणि भूर्जाची साल रचून ठेवायची. बधिर बोटांनी आलेल्याला एका काडीवर विस्तव मिळावा. मग वहीत तसे लिहायचे. हे करणाऱ्याला तिथे कोणी पुण्यवान म्हणत नाही. न करणाऱ्याला मात्र एक नाव आहे. ते तार्येईने मुलांसमोर घेतले नाही.

मागल्या ईस्टरला गाउटे, मॅड्स आणि सिंद्रे या तिघा मित्रांनी पेटीतले शेवटचे लाकूडही जाळले होते. तीन दिवस भिंतीला टेकून उन्हात संत्री खाल्ली, रात्री दारू प्याली. त्यांच्या स्कीच्या किमतीत गावातल्या एखाद्याचा हिवाळा निघाला असता. कुऱ्हाड तेवढी त्यांना जड झाली.

"पुढचा फोडेल ना," मॅड्स म्हणाला होता. "त्याला काय हात नाहीत?"

आणि गाउटेने सुबक अक्षरात वहीत लिहिले: लाकडे फोडून ठेवली आहेत.

पुढच्याला एकच हात होता. ओड्वार, देवळात तीस वर्षे ऑर्गन वाजवलेला माणूस. बर्फावर घसरून त्याचे उजवे मनगट मोडले, वर वादळ आले. केबिनपर्यंत तो पोहोचला. ओंडके होते, कुऱ्हाड होती. चौथ्या दिवशी तार्येईने दार उघडले तेव्हा तो शेगडीसमोर गोठून बसलेला होता. गुडघ्यांत ओंडका, डाव्या हातात लोण्याची सुरी, पायाशी मूठभर ढलप्या. सगळ्या काड्या जळून गेलेल्या. वहीत गाउटेच्या ओळीखाली त्याने डाव्या हाताने, वाकड्या अक्षरांत, आपले नाव आणि तारीख लिहिली होती. तक्रारीचा एक शब्द नाही.

गाउटेने ते वर्तमानपत्रात वाचले. मॅड्स आणि सिंद्रे वर्तमानपत्र वाचत नसत, आणि गाउटेने त्यांना सांगितले नाही. कोणालाच सांगितले नाही. दर रविवारी आईबरोबर तो देवळात जाई, आणि ऑर्गन सुरू झाला की मान खाली घाली. लोकांना ती भक्ती वाटे.

किल्ली घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तिघे केबिनवर पोहोचले. बाहेर उणे सव्वीस. पेटी तार्येईने भरून ठेवली होती; रात्री दहापर्यंत ती रिकामी झाली.

"थोडी फोडून आणू या का?" गाउटे म्हणाला.

"तू जा, पाद्रीबुवा!" मॅड्स खिदळला. "आमच्यासाठी पण प्रार्थना कर."

"उद्या बघू रे," सिंद्रे पांघरुणातून म्हणाला. "झोपा आता."

गाउटे उठला नाही. हसून पडून राहिला. हेच त्याचे आयुष्यभराचे धोरण होते.

पावणेतीनला थंडीने त्याला जाग आली. शेगडी विझलेली. मॅड्स घोरत होता, सिंद्रेही.

बाहेर... टक्.

मग काही नाही. बराच वेळ काही नाही.

टक्.

लाकूड फोडण्याचा आवाज तो लहानपणापासून ओळखत होता. पण ही लय चुकीची होती. प्रत्येक घावानंतर फार वेळ जात होता... ओंडका पुन्हा उभा करायला जितका लागेल तितका. एका हाताने.

टक्.

"ओड्वार?" तो पुटपुटला.

घाव थांबले.

पायऱ्या वाजल्या. कडी उघडली. गाउटेने तोंड भिंतीकडे केले. पेटीत एक लाकूड पडले. मग दुसरे... एकेक. सावकाश. त्याच्या उशापासून दोन हातांवर.

क्षमा मागायला एक शब्द पुरला असता.

तो बोलला नाही.

उजाडले तेव्हा पेटी काठोकाठ भरलेली होती, आणि शेगडीत साल, ढलप्या, सगळे नीट रचलेले.

"अरे वा, सिंद्र्या! पहाटेच उठलास होय?"

"मी? मला वाटलं तूच."

दोघे हसले, काडी लावली, डुकराचे मांस परतले. बाहेर गुडघाभर नवा बर्फ. दारापासून लाकडाच्या खोपीपर्यंत एक पाऊल उमटलेले नव्हते. त्यांनी ते पाहिलेही नाही. दुपारपर्यंत पेटी पुन्हा रिकामी झाली, आणि मॅड्सने पिशवी पाठीला लावली.

"चला."

"थांबा," गाउटे म्हणाला. आणि त्याने सांगितले. वही, ओड्वार, सुरी, रात्रीचे घाव... सारे.

मॅड्सने पिशवीचा पट्टा आवळला. मग म्हणाला, "आपण काय मारलं का त्याला? काहीतरीच बोलतोस लेका." आणि दोघे स्की बांधून निघून गेले. मागे वळून पाहण्याइतकीही लाज त्यांच्यापाशी नव्हती.

गाउटे एकटा खोपीत गेला. अंधार पडेपर्यंत लाकडे फोडली. तळवे सोलले. पेटी भरली, शेगडी रचली. मग खोटी ओळ खोडण्यासाठी त्याने वही उघडली, पेन्सिल टेकवली... आणि तशीच खाली ठेवली. रात्रभर चालत तो पहाटे तार्येईच्या दारात आला, किल्ली पायरीवर ठेवली, आणि सारे कबूल केले.

तार्येई थांबला.  एका मुलाची नजर पेटीकडे गेली. ती अर्धी रिकामी होती.

"आजोबा," एक मुलगी हळूच म्हणाली, "त्याने ती ओळ खोडली का नाही?"

तार्येईने फळीवरची वही काढली आणि दिव्याखाली उघडून धरली. वर गाउटेची सुबक ओळ. तिच्याखाली ओड्वारचे नाव. आणि नावाखाली, त्याच वाकड्या, डाव्या हाताच्या अक्षरांत, अकरा फेब्रुवारी ही तारीख, आणि तीन शब्द:

आता ठेवली आहेत.