रसायनात अडतीस

"म्हणजे नुसती बेरीज बघणार? आणि उत्तरं कोण वाचणार?"

सुषमा बडगुजरनं हातातला फॉर्म खिडकीच्या फळीवर असा आपटला, की आत शोभाबेनच्या कपाखालची बशी किणकिणली. सन शहाण्णवचा जून. बारावी सायन्सचा निकाल लागून आठ दिवस झाले होते आणि गुणपडताळणीचा अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस होता.

"मी नाही गं केलेला नियम," शाळेच्या क्लार्क शोभाबेन म्हणाल्या. "मागे छापलंय, वाच. पानापानावरचे मार्क नीट मिळवले की नाही, एवढंच बघतात. उत्तर परत तपासत नाहीत. पेपर कुणाला दाखवत नाहीत."

"आणि तपासणाऱ्यानंच चुकीचे मार्क दिले असतील तर?"

"तर..." शोभाबेन म्हणाल्या, "त्या चुकीच्या मार्कांची बेरीज बरोबर आहे, असं कळवतील."

सुषमाच्या मागे कुणीतरी फस्सकन हसलं. ती गर्रकन वळली. उंच, सावळा, उन्हानं रापलेला एक मुलगा हातात तसाच फॉर्म घेऊन उभा होता.

"हसायला काय झालं?"

"तुमच्यावर नाही हसलो जी... नियमावर हसलो." त्यानं मान जरा तिरकी केली. "रसायन ना? अडतीस?"

सुषमाचा राग जागच्या जागी अडखळला. "तुला कसं कळलं?"

"मले सदतीस हायेत. आमच्या शाळेतल्या मराठीवाल्या सगळ्यायले छत्तीस ते एकोणचाळीस. एकही इकडे नाही, एकही तिकडे नाही." तो आता हसत नव्हता. "मी योगराज. योगराज ढोबळे. कोसाडचा."

दोघांच्या शाळा वेगळ्या, पण परीक्षेचं केंद्र ही एकच शाळा, आणि अर्जही इथेच भरायचे होते. वर्गात शिकवायचे गुजरातीतून. पण दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना पेपर मराठीतून लिहायची मुभा होती. फॉर्मवर तसा रकाना होता, आणि त्यात दोघांनी विश्वासानं खूण केली होती. सुषमाला भौतिकशास्त्रात एक्याऐंशी होते, जीवशास्त्रात चौऱ्याऐंशी. रसायन तर तिचा जीव की प्राण. फार्मसीला जायचं, हे तिनं नववीतच ठरवलं होतं. अडतीसवर फार्मसीचं दारही दिसत नव्हतं.

"ऑक्टोबरला परत पेपर दे ना," शोभाबेननी सुचवलं आणि लगेच जीभ चावली. "नाही गं... ऑक्टोबर फक्त नापासांसाठी. तू तर पास आहेस."

"म्हणजे मी नापास झाले असते तर बरं झालं असतं?"

शोभाबेननी फॉर्मवर शिक्का मारला.

बाहेर आल्यावर योगराज म्हणाला, "जाऊ द्या. आपलं नशीब."

"नशीब?" सुषमा रस्त्यातच थांबली. "चौदा महिने अभ्यास मी केला, नशिबानं नाही. तुला जाऊ द्यायचं असेल तर दे. मी सगळ्यांच्या मार्कशीटा गोळा करणार."

"सगळ्यायच्या? एकटी?"

"एकटी."

त्यानं सायकलचं कुलूप काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग हळूच म्हणाला, "चलथाणची तारा माझ्या वर्गातली हाये. तिचं घर मले माहीत हाये... म्हनजे, तुम्ही म्हनत असाल तर."

*

केंद्रावर मराठीतून लिहिणारे एकूण सतरा जण होते. पुढचे दोन आठवडे ती दोघं उरलेल्या पंधरा घरांच्या मागे लागली. कधी बमरोलीतल्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात ओरडून बोलायचं, कधी कोसाडच्या वसाहतीत जिने चढायचे. चलथाणला जाताना बसमध्ये एकच जागा रिकामी होती. योगराज उभा राहिला, आणि खड्ड्याखड्ड्याला त्याच्या हातातली झेरॉक्सची पिशवी सुषमाच्या खांद्याला लागत राहिली. दर वेळी तो "सॉरी" म्हणे. सातव्या सॉरीला तिला हसू आवरेना.

"पिशवी माझ्याकडे दे की."

"मग सॉरी काऊन म्हनू?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

साखर कारखान्याच्या चाळीत ताराची गाठ पडली. तिला छत्तीस होते. "आता काय उपयोग," ती ओट्यावर तांदूळ निवडत म्हणाली. "बाबांनी स्थळं बघायला घेतलीत. एवढीच अक्कल होती तर सायन्स कशाला घेतलं, असं म्हणतात." तिनं मार्कशीट दिली, पण मान वर केली नाही.

परतताना सुषमाचा आवाज फुटला. "तिला वाटतंय, तीच ढ आहे! सतरा घरांत सतरा मुलं स्वतःला ढ समजून बसलीत रे... आणि ज्यानं मार्क टाकले तो आरामात पंख्याखाली झोपला असेल."

योगराज तिच्याकडे बघतच राहिला.

"काय बघतोस?"

"काही नाही. माझा राग दोन मिनिटांत विझते. तुझा विझतच नाही." 'तुमचा'चं 'तुझा' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नव्हतं. "जवळ बसलं की... जरासा मलेही लागते."

"राग?"

"रागच म्हनू आत्ता."

सुषमानं पिशवीतले कागद उगाचच पुन्हा मोजायला घेतले. तीनदा मोजले. तीनदा वेगळे भरले.

घरी आई भागीरथी दारातच उभी होती. "कोन शे तो पोऱ्या? रोज सायकल लिसन येस." रोज सायकल घेऊन येणारा हा कोण, असं तिनं घरच्या अहिराणीत विचारलं.

"रसायनवाला शे," सुषमा म्हणाली आणि भरभर आत गेली.

*

परीक्षा-मंडळाच्या कचेरीत त्यांना चौथ्या खेपेला आत घेतलं. टेबलापलीकडचे साहेब पन्नाशीचे होते, चष्मा कपाळावर सरकवलेला. सतरा मार्कशीटा त्यांनी पत्त्यांसारख्या चाळल्या.

"पेपर अघरुं हतुं," ते गुजरातीत म्हणाले. पेपर अवघड होता, एवढंच त्यांचं उत्तर.

"मग गुजराती मुलांना त्याच पेपरात पंच्याऐंशी कसे?" सुषमानं विचारलं.

"जुओ, बेन, असं बघा. मराठी वाचणारे परीक्षक आम्ही आणायचे कुठून? रसायन म्हणजे रसायन. सूत्रं आणि समीकरणं जगभर सारखीच. चांगल्या शिक्षकाला भाषा लागत नाही. मी स्वतः अठरा वर्षं रसायन शिकवलंय."

म्हणजे हे असं होतं तर! मराठी न कळणाऱ्या माणसानं उत्तरपत्रिका तपासल्या होत्या, आणि हे साहेब ते जणू काही विशेष नाही अशा सुरात सांगत होते. सुषमाच्या कानशिलावरची शीर उडू लागली. योगराजनं तिच्या बाहीला हलकेच बोट लावलं... थांब, म्हणून. ती थांबली नाही. तिनं वहीतलं एक पान काढलं, पेपरातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जसंच्या तसं लिहिलं आणि साहेबांपुढे ठेवलं.

"साहेब, हे तपासा. दहा मार्कांचं आहे."

"आ शुं नाटक छे?"

"तुम्ही अठरा वर्षं शिकवलंय ना? तपासा."

साहेबांनी चष्मा खाली घेतला. अक्षरं त्यांना लागत होती; हिंदीसारखीच तर होती. "आम्लारी..." ते पुटपुटले. "आम्लारी एटले?"

"बेस."

"क्षपण?"

"रिडक्शन."

"आ... साका?"

"प्रेसिपिटेट. टेस्टट्यूबच्या तळाशी बसतो तो. आता सांगा साहेब, किती मार्क द्याल? अर्थ न विचारता सांगा. माझ्या पेपराशेजारी मी उभी नव्हते अर्थ सांगायला!"

पंखा फिरत होता. शेजारच्या टेबलावरचा टाइपरायटर थांबला होता. साहेबांनी पान पुन्हा वाचलं, वरपासून खालपर्यंत. या वेळी सावकाश, ओठ हलवत. मास्तर वाचतो तसं.

"साचुं छे," अखेर ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "आखुं साचुं छे." सगळं बरोबर आहे. त्यांनी सतरा मार्कशीटा पुन्हा एकत्र केल्या आणि स्वतःच्या खणात ठेवल्या. "मूकी जाव. इथेच राहू द्या. नियमात बसत नाही... पण बघतो."

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर सुषमा खालीच बसली. योगराज शेजारी बसला, एक वीतभर अंतर सोडून. मग त्यानं ते अंतर हळूच अर्ध्यावर आणलं.

"दहापैकी दहा," तो म्हणाला.

"उत्तराला?"

त्यानं मान हलवली, पण 'हो' की 'नाही' ते तिला कळलं नाही.

*

सतरा उत्तरपत्रिका एका मराठी जाणणाऱ्या शिक्षकांकडून पुन्हा तपासून आल्या, तोवर ऑगस्ट उजाडला. सुषमाच्या अडतीसचे एकोणऐंशी झाले. ताराचे पासष्ट. योगराजचे चौऱ्याहत्तर. कुणी दिलगिरीची एक ओळ लिहिली नव्हती. जुनी मार्कशीट जमा करून नवी घेऊन जावी, एवढाच निरोप.

फार्मसीची शेवटची यादी लागायची होती. सुषमाचं नाव त्यात बसलं. योगराजला जायचं होतं त्या इंजिनिअरिंगची यादी मात्र जुलैतच बंद झाली होती.

"झालं ना तुझं काम," योगराज बमरोलीच्या नाक्यावर सायकलला टेकून म्हणाला. "मी बाबासंग बांधकामाच्या साइटवर जातो वर्षभर. जाऊ दे."

"जाऊ दे?" सुषमाचे डोळे भरून आले, आणि त्याचाच तिला आणखी राग आला. "त्यांनी चूक केली, त्यांनीच उशीर केला, आणि वर्ष तुझं जाणार? मला आनंदसुद्धा नीट होऊ देणार नाहीस तू! मी... मी तुझ्याशी बोलणारच नाही."

ती तरातरा निघून गेली. दोन दिवस खरंच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी योगराज दारात उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात स्वतः लिहिलेला अर्ज.

"कचेरीत चाललो. या खेपेला मीच बोलतो," तो म्हणाला. "तू फक्त बाजूला उभी राह्य. तेवढ्यानं पुरते मले."

आणि तो बोलला. अडखळत, वऱ्हाडी-गुजराती सगळी मिसळत, पण मागे हटला नाही. "साहेब, चूक मंडळाची हाये, मंग वर्ष माझं काऊन जाईल? जागा रिकाम्या राहिल्या असतील तर त्यात माझं नाव घाला. नसतील तर तसं लिहून द्या. तोंडी नको." सुषमा बाजूला उभी राहून त्याच्याकडे बघत होती. त्याचा कापणारा आवाज, घट्ट आवळलेली मूठ... आणि नकळत ती एक पाऊल त्याच्या जवळ सरकली.

साहेबांनी प्रवेश समितीच्या नावानं शिफारशीचं पत्र लिहिलं. त्या पत्रावर दहा दिवसांनी योगराजला टेक्स्टाइलच्या शाखेत जागा मिळाली. पण ते नंतर. त्या दुपारी साहेबांनी सही केली, पत्र पुढे केलं, आणि सुषमाकडे बघत चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

"आ बेन दर वखते साथे होय छे. तमारां शुं थाय?"

योगराज गोरामोरा झाला. दर वेळी सोबत येणारी ही मुलगी त्याची कोण लागते... त्यानं सुषमाकडे पाहिलं. "साहेब, ते... तिले विचारून सांगतो."

"विचारतोस काय," सुषमा म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि गालांवर ऊन उतरलं होतं. "सांगून टाक की."