शंभराची टाकी, पंच्याण्णवची टाकी

नायेली कानूल दारात उभी होती. कडेवरचं पोर तापानं फणफणलं होतं आणि तिचा हात सारखा त्याच्या कपाळाकडे जात होता.

"एल्विराबाई, त्यांनी गास्पारला धरून ठेवलंय. तोडायला बंदी असलेलं काळं प्रवाळ तोडलं म्हणे. साधा शिंपला घरी आणू न देणाऱ्या माणसानं."

एल्विरा तुस कोसुमेल बेटावर खासगी तपासाची कामं घ्यायची. सोबतीला तिचा दीर फेर्मीन असे. पोलिसातून निवृत्त झालेला, घाई ठाऊक नसलेला. दोघं नायेलीला घेऊन धक्क्यावर निघाली. वाटेत तिनं सगळं सांगितलं.

गास्पार पाहुण्यांना समुद्राखाली फिरवून आणायचा. सकाळी तो प्रुइट नावाच्या अमेरिकन पाहुण्याला घेऊन उतरला होता. दोघं वर येऊन कपडे बदलत होते, तेवढ्यात सागरी उद्यानाच्या तपासनिसाची लाँच आडवी आली. गास्पारच्या जाळीच्या पिशवीत प्रवाळाची ताजी फांदी निघाली. संध्याकाळच्या बोटीनं त्याला बेटाबाहेर, मुख्य भूमीवरच्या तुरुंगात पाठवणार होते. परवाना तर गेल्यातच जमा.

पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या भरून देणाऱ्या धक्क्यावरच्या दुकानात तपासनीस ओचोआ बसला होता, शेजारी प्रुइट. गास्पारला मागच्या खोलीत कोंडलं होतं. फांदी नेमकी कुठून तोडली ते अजून कळलेलं नाही, उद्या माणसं खाली पाठवू, असं त्यानं सांगितलं.

गास्पारचं म्हणणं एवढंच होतं, की मध्येच मागे वळून पाहिलं तर प्रुइट दिसेना. मग तो खालच्या अंगानं वर आला आणि 'सगळं ठीक' अशी खूण केली. प्रुइट म्हणे, गायब झाला होता तो गास्पार.

"माझ्याकडे पुरावा आहे," प्रुइट शांतपणे म्हणाला. मग त्यानं समजावून सांगितलं. आठवडाभर दोघांनी अगदी एकसारख्या टाक्या वापरल्या आणि रोज दोघांचे दाबाचे काटे सारखेच उतरले. आज तशा टाक्या उरल्या नव्हत्या. त्याला पंच्याण्णव घनफुटांची मिळाली, गास्पारनं शंभराची घेतली. दोन्ही भरलेल्या होत्या, दोन्ही पाव उरल्या. "म्हणजे आज त्यानं जास्त हवा खर्च केली. एकशेतीस फुटांवर जायचं तर ती लागतेच."

ओचोआनं मान डोलावली. फेर्मीन वहिनीच्या कानाशी लागला, की हिशोब तर बरोबर दिसतोय.

एल्विरा दुकानदार रोखेलियोकडे वळली. तो म्हणाला, माझ्याकडे सगळ्या टाक्यांना एकच नियम, दाबाचा काटा दोनशेवर आला की हवा भरायचं यंत्र बंद. परत आल्या तेव्हा दोन्हींचा काटा पन्नासवर होता.

"टाकी पाठीला नीट बसली होती ना?" तिनं प्रुइटला विचारलं.

कसली बसतेय, तो कुरकुरला. एवढी जाड, की गास्पारला पट्टा सैल करून द्यावा लागला.

"रोखेलियो, दोन्ही टाक्या रिकाम्या करा. तोट्या काढा. आत पाणी ओतायचंय."

पाणी ओतायचं म्हटल्यावर तो कळवळला. आत गंज चढेल, बाई.

"चढू दे. इथे एका माणसाच्या आयुष्याला चढतोय."

फेर्मीननं पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे बुधले आणले आणि लिटरच्या मापानं ओतू लागला. शंभराची टाकी तेरा मापांत काठोकाठ भरली. पंच्याण्णवच्या टाकीत पंधरा गेली.

फेर्मीन मापाकडे बघत राहिला. "वहिनी, लहान टाकीत जास्त कसं मावलं?"

"लहान कोण म्हणतंय, भावोजी? आपण टाकीचं पोट मोजतो, लिटरमध्ये. साहेबांच्या देशात पोट मोजत नाहीत. ठरलेल्या दाबानं भरली तर किती हवा बाहेर निघेल, तो आकडा टाकीला देतात. शंभराची टाकी जवळपास दोनशेचाळीसच्या दाबाला भरली, तर शंभर. पंच्याण्णवची एकशेऐंशीलाच पंच्याण्णव. इथे दोन्ही भरल्या दोनशेला. मग जाड टाकीच्या पोटात जास्त हवा."

ती ओचोआकडे वळली.

"दोन्ही काटे दीडशेनं उतरले. पोट गुणिले उतरलेला दाब, म्हणजे वापरलेली हवा. तेरा गुणिले दीडशे, गास्पारची हवा साडेएकोणीसशे लिटर. पंधरा गुणिले दीडशे, साहेबांची साडेबावीसशे. जास्तीची तीनशे साहेबांनी ओढली. चाळीस मीटरवर, म्हणजे साहेबांच्या एकशेतीस फुटांवर, माणसाला मिनिटाला शंभरेक लिटर लागतात. तीन मिनिटं. एक फांदी तोडायला पुष्कळ झाली. लाँच दिसली तेव्हा जवळ गास्पारची पिशवी होती, फांदी तिच्यात सरकवली."

"हा नुसता तर्क आहे," प्रुइट म्हणाला.

"मग एकशेतीस फूट कुठून आले? जागा तर तपासनिसांनाही माहीत नाही. आता त्याच खोलीवर माणसं पाठवा, ओचोआसाहेब. ताजं तुटलेलं खोड सापडेल."

प्रुइटनं टाकीकडे पाठ फिरवली. मग म्हणाला, मला वकील हवा.

ओचोआनं खोलीचं दार उघडून गास्पारला घरी जायला सांगितलं. नायेली वाटेतून हलली नाही.

"सकाळी भर धक्क्यावर चोर म्हणालात. आता भर धक्क्यावरच सांगा."

ओचोआनं बाहेर पाहिलं. नावाडी, मासेवाल्या, पाहुणे, सगळे थांबले होते. तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि घसा खाकरून बोलला. नायेलीनं ऐकू आलं नाही म्हणून सांगितलं. त्याला पुन्हा, मोठ्यानं बोलावं लागलं.

गास्पार ते ऐकायला थांबलाच नाही. त्यानं पोराच्या कपाळाला हात लावला.

"याला ताप आहे," तो म्हणाला. "कधीपासून?"